मानेसरचं नाक

अक्षतानं दार उघडलं आणि ती उंबऱ्यावरच थांबली.

घरात गॅसचा वास कोंडला होता. ती स्वयंपाकघराकडे धावली. दूध उतू जाऊन आच विझली होती आणि शेगडी एकटीच फुसफुसत होती. ओट्यापासून दोन हातांवर स्टूल टाकून तिच्या बहिणीचा, मयुराचा, नवरा विक्रांत चहात खारी बुडवून खात होता.

"ये," तो म्हणाला. "दूध तापतंय. कॉफी घेणार?"

तिनं आधी गॅस बंद केला, मग खिडकी उघडली. आत गॅस होता, बाहेर गुडगावचा नोव्हेंबर. तिनं क्षणभर दोन्हींची तुलना केली आणि नोव्हेंबर आत घेतला.

"भावोजी, तुम्हाला वास नाही आला?"

"कसला?"

तिनं सांगितलं. विक्रांतच्या हातातली खारी चहात पडली. ती त्यानं काढली नाही.

दुसऱ्या कुणाला वास आला नसता तर ती नुसती दुर्घटना झाली असती. पण विक्रांत नाकावर जगत होता. गुडगावजवळ मानेसरच्या एका मोटार कारखान्यात तो नव्या गाड्यांचा वास घ्यायचा. ही थट्टा नाही. काचा बंद करून गाडी तापवतात. मग निवडक माणसं आत डोकी घालून हुंगतात आणि गोंद जास्त झालाय की रबर, ते सांगतात. लग्नाच्या वेळी त्याच्या बायोडेटात घरच्यांनी 'ऑटोमोबाईल' एवढंच लिहिलं होतं.

"पंधरवड्यानं नाकाची परीक्षा आहे," तो म्हणाला. "बंद बरण्या हुंगून ओळखायच्या. नापास झालो की पॅनेलमधून बाहेर."

"मग कुठे टाकतील?"

"सुरक्षा-जागृतीत. 'हेल्मेट घाला'ची पोस्टरं चिकटवायला." तो खाकरला. तो आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं होतं, कुणाकडे जनरेटर आणलाय का. "अक्षता, हसू नकोस. कोणीतरी माझं नाक मारतंय."

अक्षता हसली नाही. दिल्लीत करोल बागेतल्या खोलीत राहून तिनं सनदी सेवेची पूर्वपरीक्षा तीनदा दिली होती. जगातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिला माहीत होती आणि त्या माहितीचा उपयोग कुठेच नव्हता. आज पहिल्यांदा कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं.

थोडे दिवस बहिणीकडे राहायला म्हणून आणलेली बॅग तिनं ठेवली. कपडे, नोट्स, आणि केसांच्या तेलाची अर्धी बाटली. तेल तिनं न्हाणीघरात आरशाखालच्या फळीवर ठेवलं आणि तपासाला बसली.

"सुरुवातीपासून सांगा."

"पावसाळ्यात सर्दी झाली. केमिस्टनं नाकात घालायचे थेंब दिले. घातले की दोन मिनिटांत नाक मोकळं. यार, काय सांगू, स्वर्ग! मग सर्दी गेली आणि थेंब राहिले. डझनावारी आणून ठेवले. एक बाटली खिशात, एक गाडीत, एक ऑफिसात, एक देवघरात."

"देवघरात?"

"आरतीच्या वेळी श्वास पुरायचा नाही. शेवटी दसऱ्याला डॉक्टर विनयाकडे गेलो. त्या म्हणाल्या, हे थेंबच तुमचा आजार आहेत. असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, म्हणून तुम्ही परत थेंब घालता, की परत तेच."

"आणि घसा?"

"नाक बंद म्हणून रात्रभर तोंडानं श्वास. घसा कोरडा पडतो, वरून नाकातलं सगळं मागच्या बाजूनं घशात उतरतं. त्या म्हणाल्या, घसा आरोपी नाही, साक्षीदार आहे. थेंब सगळे फेकायचे. एक सूज उतरवणारा स्प्रे, आणि नाक धुवायला मिठाच्या पाण्याची बाटली. बस."

"फेकले?"

"मयुरानं फेकले. मी त्यानंतर एकही थेंब घातलेला नाही. आईशप्पथ. तरी बघ माझं."

"मधे कधी बरं वाटलं?"

विक्रांतचा चेहरा उजळला. "चेन्नईला! दिवाळीनंतर टूरला गेलो होतो. मिठाच्या पाण्याची बाटली इथेच विसरलो. पहिले काही दिवस असे गेले की वाटलं, मरतो. आणि परतायच्या दिवशी लिफ्टमध्ये कॉफीचा वास आला. मी रडलो गं. शेजारचा माणूस पुढच्याच मजल्यावर उतरला."

"आणि इथे आल्यावर?"

"दोन दिवसांत परत बंद. दिल्लीची हवा!"

प्रत्येक गुन्हेगाराला इथे हा फायदा आहे. नोव्हेंबरात दिल्लीत कुणाचा घसा बसला तर कुणी तपास करत नाही. लोक आकाशाकडे बोट दाखवतात, आणि आकाशही दिसत नाही.

*

पहिली संशयित दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आली आणि तिनं लॅपटॉपची बॅग सोफ्यावर टाकली.

"ताई, बस. काही प्रश्न आहेत."

"अक्षता, मी तुझी सख्खी बहीण आहे."

"नोंद घेतली. थेंबांच्या बाटल्या तूच फेकल्यास?"

"सगळ्या एका पिशवीत भरून, गाठ मारून, कचऱ्याच्या डब्यात. स्वतःच्या हातानं."

"तुला पुण्याला बदली मिळतेय म्हणे?"

मयुरानं चपला काढून कोपऱ्यात सारल्या. मग म्हणाली, "विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही."

"भावोजींची नोकरी गेली तर उत्तर देणं सोपं होईल."

"बिल्कुल होईल," मयुरा शांतपणे म्हणाली. "पण त्यासाठी नवऱ्याचं नाक कशाला मारू? मी सरळ भांडेन. मला भांडता येतं." ते खरं होतं. मग ती पुढे झुकली. "आणि तुझ्या डोक्याला देवघरासारखा वास का येतोय?"

"तुझ्या घरात राहून पवित्र झाले असेन."

दुसरा संशयित कंपनीच्या बसमध्ये विक्रांतच्या शेजारी बसायचा. दिलीप, मूळचा नागपूरचा. विक्रांत बाहेर पडला तर पॅनेलमधली खुर्ची त्याला मिळणार होती, आणि रोज बसमध्ये विक्रांतच्या हातावर तो एक काळी गोळी ठेवायचा. अक्षतानं त्याला रविवारी पोह्यांना बोलावलं.

"या गोळीत काय आहे?"

"ज्येष्ठमध. आईनं पाठवलंय."

"विक्रांत नापास झाले तर तुम्हाला त्यांची जागा मिळेल?"

"मिळेल की."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

दिलीपनं पोह्यांवर लिंबू पिळलं. "मॅडम, गेल्या महिन्यात एका दिवसासाठी त्या खुर्चीत बसलो आणि एक गाडी पास केली. तिच्यात मेलेला उंदीर निघाला. मला त्या खुर्चीची फार भीती वाटते. हा बरा व्हावा म्हणून मी मंगळवारी नारळ फोडतो."

अक्षतानं गोळी चघळून पाहिली. ज्येष्ठमधच होता. दिलीपनं सॉसची बाटली उचलली, उजेडात धरली आणि परत ठेवली. खालचा अर्धा सॉस लाल होता, वरचा तपकिरी.

"चिंचेची चटणी आहे वर," मयुरा म्हणाली. "बाबांनी एकत्र केलं. विचारू नका."

बाबा म्हणजे विक्रांतचे वडील, सूर्यकांत. निवृत्त होण्याआधी ते सांगलीकडे एसटीच्या आगारात भांडार सांभाळायचे. ऑइलचे दोन अर्धे डबे दिसले की त्यांचा एक डबा करायचा आणि मोकळा डबा परत पाठवायचा, हा तिथला रिवाज. निवृत्तीनंतर आगार सुटलं. रिवाज सुटला नाही.

ते आत आले आणि सरळ एअर प्युरिफायरकडे गेले. त्यावरची धूळ त्यांनी रुमालानं पुसली. यंत्र गुरगुरत होतं. अक्षता उठली आणि तिनं त्याचं मागचं झाकण उघडलं.

आतला फिल्टर कोरा, पांढराशुभ्र होता. कारण तो प्लास्टिकच्या पिशवीत होता. कंपनीनं सील केलेल्या पिशवीत.

यंत्र तेवढं गुरगुरत राहिलं.

"काका, हे प्लास्टिक?"

"नवी वस्तू आहे," सूर्यकांत म्हणाले. "प्लास्टिक काढलं की जुनी होते."

टीव्हीचा रिमोट अजून पिशवीतच होता. अक्षतानं फिल्टरची पिशवी फाडली. सूर्यकांतांनी मान वळवली. मयुरानं टाळ्या वाजवल्या, दिलीपनं आईला फोन लावून सांगितलं, आणि रहस्य उलगडलं म्हणून सगळ्यांनी दुसऱ्यांदा चहा घेतला.

ते उलगडलं नव्हतं.

*

पुढच्या काही दिवसांत प्युरिफायरचा फिल्टर काळा झाला आणि विक्रांतचं नाक होतं तसंच राहिलं. आता तो झोपायलाही घाबरू लागला. डोळा लागला की घसा चिकटायचा आणि तो गळा धरून उठून बसायचा. त्यानं मयुराच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. दिलीपच्या शेजारची जागा सोडली. कारखान्यात त्यानं एक गाडी 'वासरहित' म्हणून पास केली. तिच्या मागच्या सीटवर कुणाचा तरी लसणाच्या चटणीचा डबा उघडा पडला होता.

"पुढच्या खेपेला गॅस चालू राहिला आणि घरात बाबा एकटे असले तर?" तो अक्षताला म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता. "पोस्टरं मी चिकटवीन गं. पण मी घरात असूनही मला कळणार नाही, याची भीती वाटते."

सूर्यकांत दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. ते तसेच मागे वळले. न्हाणीघरात गेले आणि आतून दार लावून घेतलं.

ते बाहेर आल्यावर अक्षता आत गेली. शाम्पूची बाटली खाली हिरवी होती आणि वर गुलाबी. तिनं ती आधीही पाहिली होती, पण नवीन फॅशन असेल म्हणून सोडून दिली होती. आता ती बघतच राहिली. मग तिची नजर आरशाखालच्या फळीवर गेली.

मिठाच्या पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

सकाळी ती अर्धी होती.

अक्षतानं झाकण फिरवलं, एक थेंब जिभेवर घेतला, आणि आरशात स्वतःचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं. मग बाहेर येऊन तिनं डॉक्टर विनयांना फोन केला. एकच प्रश्न विचारला. नंतर दिलीपला बोलावलं.

"आज पण पोहे?" त्यानं विचारलं.

"नाही. आज निकाल."

*

हॉलमध्ये सगळे बसले. अक्षता उभी राहिली. मुलाखतीला बोलावणं येईल तेव्हा घालायचा म्हणून जपून ठेवलेला कोट तिनं घातला होता.

"भावोजी, तुमच्या मिठाच्या पाण्याबद्दल काही सांगायचंय?"

"जादू आहे," विक्रांत म्हणाला. "तेवढाच आधार आहे मला. घातलं की दोन मिनिटांत नाक मोकळं. तासभर टिकतं, मग परत बंद."

"मिठाच्या पाण्यानं नाक धुतलं जातं, ओलं राहतं. दोन मिनिटांत दार उघडावं तसं उघडत नाही. डॉक्टरांना आत्ताच विचारलं. चव कशी लागते?"

"घशात उतरताना कडू. मला वाटलं, तोंडाची चव गेलीय."

"मीठ कडू कधीपासून झालं? मी चाखून पाहिलं. वर खारट आहे, पाठोपाठ कडूजहर. आता शेवटचं. ती बाटली दसऱ्याला आणली. दुसरी कधी घेतलीत?"

विक्रांतनं मयुराकडे पाहिलं. मयुरानं विक्रांतकडे.

"घेतलीच नाही," तो हळूच म्हणाला. "ती संपतच नाही. द्रौपदीच्या थाळीसारखी आहे."

"चेन्नईला तुम्ही बरे झालात ते समुद्राच्या हवेनं नाही. ती बाटली इथे विसरलात म्हणून. पहिले दिवस वाईट गेले, कारण थेंब सुटत होते. मग नाक उघडलं. घरी आलात, परत तीच बाटली. तुम्ही थेंब सोडलेच नव्हते. दसऱ्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ तेच घालत होता, मिठाच्या पाण्याच्या नावाखाली."

दिलीपनं घाबरून खिशातली ज्येष्ठमधाची गोळी काढून टेबलावर ठेवली.

"तुम्ही नाही," अक्षता म्हणाली. "या घरात एक माणूस असा आहे की ज्याला अर्धी बाटली बघवत नाही. सॉस झाला. शाम्पू झाला. काका..."

सूर्यकांतांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"ताईनं कचऱ्यात टाकलेली थेंबांची पिशवी कुठे आहे?"

"ती होय?" त्यांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी भांडाराची विचारपूस करत होतं. ते लगबगीनं उठले, स्टुलावर चढले, माळ्यावरून श्रीखंडाचा एक डबा काढला आणि टेबलावर ठेवून उघडला. आत थेंबांच्या बाटल्या उभ्या होत्या. ज्यांची मुदत आधी संपणार त्या पुढे, बाकीच्या मागे.

"नव्याकोऱ्या बाटल्या टाकून दिल्या होत्या," ते म्हणाले. "आता पोरांना काय बोलणार? मी काढून ठेवल्या. हेही नाकाचं, तेही नाकाचं. विक्रांतची बाटली अर्धी झाली की वरून भरून ठेवतो. आज तो फारच त्रासलेला दिसला, म्हणून काठोकाठ भरली." त्यांनी डब्यावर बोटं फिरवली. "अजून उन्हाळ्यापर्यंत पुरतील."

दिलीपनं आपली गोळी परत खिशात ठेवली.

विक्रांतनं तोंड उघडलं. त्यातून फक्त ख्र्रं असा आवाज आला.

"बाबा," मयुरा म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाल्या ते तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"बाटली बदललीय, एवढंच."

मग मयुरानंच सांगितलं. थेंब काय करतात. नाक का बंद होतं. घसा का धरतो. त्या दिवशी गॅसचा वास का आला नाही. सूर्यकांत शेवटपर्यंत मान हलवत ऐकत होते, आगारात साहेबाचं ऐकावं तसे. शेवटच्या वाक्याला मान थांबली.

"म्हणजे हा रात्री गळा धरून उठतो, ते..."

"बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं," विक्रांत म्हणाला.

"मी भांडारात होतो," सूर्यकांत म्हणाले. "ब्रेकच्या तेलात इंजिनचं तेल कधी पडू दिलं नाही मी. दोन्ही गाडीचंच असतं."

ते उठले. डबा उचलून न्हाणीघरात गेले. एकेक बाटली उघडून मोरीत ओतल्याचा आवाज बाहेर येत राहिला. मधेच ते थांबले. मग परत सुरू झाले. या माणसानं आयुष्यात अर्धं काही फेकलेलं नव्हतं. आज त्यांनी सगळं फेकलं, आणि रिकाम्या झालेल्या प्लास्टिकच्या बाटल्या धुऊन उन्हात वाळत घातल्या.

*

पुढचे दिवस विक्रांतनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. डॉक्टर विनयांनी त्याला फोनवर पुन्हा बजावलं होतं: सूज उतरवणारा स्प्रे चालू ठेवा, नाक नव्या बाटलीतल्या मिठाच्या पाण्यानं धुवा, उशी उंच घ्या, आणि थेंबासाठी कितीही जीव तळमळला तरी घालू नका. जीव तळमळला. एकदा तो मोरीच्या जाळीकडे फार वेळ बघत बसलेला मयुराला सापडला. विक्रांतच्या खोलीत आता सूर्यकांत खुर्ची टाकून झोपायचे. विक्रांत गळा धरून उठला की तेही उठायचे, उशाखाली आणखी एक घडी केलेली चादर सारायचे, आणि परत खुर्चीत बसायचे.

परीक्षेला थोडेच दिवस उरले आणि नाक हूं की चूं करेना. दिलीपनं नारळांची संख्या वाढवली.

मग एका सकाळी अक्षता ओट्याकडे पाठ करून राज्यघटनेच्या सुधारणा घोकत होती. दूध मागे वर येत होतं. आतल्या खोलीतून, बंद दाराआडून, घोगरा ओरडा आला.

"दूध!"

तिनं वळून गॅस बंद केला. दूध पातेल्याच्या कडेला येऊन थांबलं होतं. आतल्या खोलीत खुर्ची सरकली आणि सूर्यकांतांच्या रडण्याचा आवाज आला. तो विक्रांतच्या खाकरण्यापेक्षा लहान होता, आणि वरच्या बाईंनी त्या दिवशी ग्रुपवर काहीच विचारलं नाही.

परीक्षेच्या संध्याकाळी विक्रांत आणि दिलीप एकत्रच घरी आले.

"सगळ्या बरण्या!" दिलीप दारातूनच ओरडला. "एक मुद्दाम रिकामी ठेवली होती. हा म्हणतो, रिकामी नाही, झाकणाच्या रबराचा वास आहे. साहेबांनी झाकण हुंगलं. अरे बापा, होता की!"

"खुर्ची?" मयुरानं विचारलं.

"माझीच," विक्रांत म्हणाला. आवाज स्वच्छ होता.

"मी पण सुटलो," दिलीप म्हणाला आणि खाली बसला.

मयुरानं पुण्याला उत्तर पाठवलं, पण काय पाठवलं ते तिनं सांगितलं नाही. अक्षता करोल बागेला निघायची तयारी करत होती. परीक्षा कुणीतरी पास झाल्याचं तिला बरं वाटत होतं. न्हाणीघरातून तिनं तेलाची बाटली आणली, तळहातावर ओतून केसांना लावलं. विक्रांत तिच्या मागून गेला, थांबला, दोन पावलं परत आला आणि त्यानं डोळे मिटले.

"काय आहे हे?"

"खोबरेल. माझं."

"वर खोबरेल आहे," तो हळूहळू म्हणाला. "खाली तिळाचं तेल. जुनं. त्यात वातीची काजळी आहे. किंचित कापूर." त्यानं डोळे उघडले. "बाबा, समईतलं उरलेलं तेल कुठे ठेवता?"

अक्षतानं बाटली उजेडात धरली. ती अर्धी आणली होती. रोज लावूनही ती पाऊण भरलेली होती.

वर्तमानपत्र वीतभर वर सरकलं.

"ते आधीचं आहे," सूर्यकांत त्याच्या आडून म्हणाले.